घुम्या नालबंद आणि रुसवीचे बूट

घुम्या नालबंदाला घुम्या हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, आणि त्याला विचारण्यात अर्थ नाही, कारण तो सांगणार नाही. चाळीस वर्षं त्याने घोड्यांच्या पायांना नाल ठोकली. गाडीचे घोडे, वीटभट्टीचे घोडे, शर्यतीतून बाद झालेले आणि बाद झाल्याचं अजून न कळलेले घोडे. मालक बाकड्यावर बसून गप्पा हाणायचे, आणि घुम्या घोड्याचा पाय मांडीत धरून ठोकत राहायचा. "कसा आहे पाय?" असं कुणी विचारलं की "आहे," म्हणायचा. लोकांना हे आवडायचं. एकाच्या घोड्याचं दुखणं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही याची खात्री असायची. शिवाय गप्प माणूस हुशार वाटतो, आणि घुम्या खरोखरच हुशार होता, त्यामुळे त्याचं फार बरं चाललं होतं.

बायकोचं मत थोडं वेगळं होतं. "लग्नाच्या बोलणीतसुद्धा यांच्या वतीने यांचे काकाच बोलले," ती सांगायची. "मला वाटलं, लाजत असतील. लाजतात कसले."

न विचारता तो एकच गोष्ट बोलायचा, तीही धंद्याची. नवीन माणूस नाल ठोकताना दिसला की घुम्या त्याच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "नाल तापव, ठोक, वाकव, काय वाटेल ते कर. पण खुराला हात लावू नकोस. नालेच्या मापाचा खूर करायचा नसतो." एवढं सांगून तो परत आपल्या ऐरणीकडे जायचा. ऐकणारा निदान आठवडाभर तरी नीट काम करायचा.

त्याची मुलगी फिरती नर्स होती. खालच्या गावातल्या दवाखान्यातून ती आठवड्यातून तीनदा वरच्या वस्तीला जायची. खडीचा रस्ता मध्येच संपतो, पुढे चिकणमातीचं लांबच लांब पठार, आणि मग ओढ्याच्या काठावरून वर चढणारी अरुंद वाट. दवाखान्याने एकदा मोटारसायकल दिली होती. ती पहिल्याच पावसाळ्यात पठारावर रुतली आणि तिला ओढून काढायला घोडीच न्यावी लागली. तेव्हापासून नर्स घोडीवरून जाते आणि मोटारसायकल दवाखान्याच्या मागे कोंबड्यांच्या कामी येते.

घोडीचं नाव रुसवी. तोबऱ्याआधी खोगीर दिसलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहते, म्हणून रुसवी. घुम्याचं आणि तिचं छान जमायचं. दोघंही न बोलता रागावणारी.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, घुम्याने रुसवीच्या पुढच्या डाव्या पायाला नाल ठोकली. खिळा नुसत्या नखातून जात असतो तोवर हातोडीचा आवाज टणक येतो. आत जिवंत भागाकडे वळला की आवाज बसतो. तिसऱ्या खिळ्याला आवाज बसला. रुसवीच्या खांद्याची कातडी थरथरली. घुम्याला दोन्ही कळलं. असा खिळा तिथल्या तिथे उपटायचा असतो, हे नालबंदाच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. पण त्याच्या हाताला अलीकडे थोडा कंप यायला लागला होता, बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि त्यांच्यासमोर खिळा उपटायचा म्हणजे हात चुकला हे कबूल करायचं. त्याने खिळ्याचं टोक मुरगळलं आणि पाय खाली सोडला.

चौथ्या दिवशी रुसवीला पाय टेकवेना. खुरात पू झाला होता. जनावरांचा डॉक्टर आला, नाल काढली, पू काढला आणि म्हणाला, "चिखलातलं काहीतरी टोचलं असेल. या दिवसांत होतं असं." घुम्या शेजारी कंदील धरून उभा होता. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

आठ महिने घोडी ठाणावर होती. आठ महिने मुलगी वरची वस्ती पायी करत होती. गुडघ्यापर्यंत चिखलात परत यायची, आणि स्वतःचे पाय धुण्याआधी रुसवीचा पाय मिठाच्या कोमट पाण्याच्या बादलीत धरून बसायची. बादली घुम्या भरून द्यायचा. तिला सांगून टाकावं असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज त्याला धीर व्हायचा नाही.

घोडी बरी झाली, पण डॉक्टरने बजावलं की खुराची भिंत आता पातळ झाली आहे, पुन्हा खिळा नको. मग मुलीने रुसवीला बिननालेचीच ठेवली. पाय स्वतः कानशीने घासायला शिकली. पुढच्या दोन पायांसाठी तिने माप देऊन बूट मागवले. जाड काळं रबर, तळाला बाणासारख्या खाचा, मागे टाचेवरून जाणारा पट्टा. खोक्यातून ते बूट निघाले तेव्हा घुम्याने आयुष्यातला एक मोठा विनोद केला. तो म्हणाला, "मोजे नाही पाठवले?"

"चिखलात ती अनवाणीच बरी असते, बाबा," मुलगी म्हणाली. "मोकळा खूर माती धरतो. बूट हवेत ते खडीसाठी. पण खडी खाली पण आहे आणि वस्तीजवळ पण, मग मध्ये चिखलात बसून कोण काढघाल करणार? म्हणून घालूनच न्यायचे. फक्त माप नेमकं पाहिजे. बूट घट्ट असला तर चिखल त्याचं काही करू शकत नाही. जरा सैल झाला की चिखल त्याला धरून ठेवतो, घोडी पाय उचलते, आणि बूट फिरतो."

घुम्याने मान हलवली. बूट चढवला की ती नेहमी दोन्ही हातांनी धरून तो फिरवून पाहायची. फिरला नाही की मगच खोगीर. परत आली की बूट काढून धुवायची, टाचेवर कुठे घासलंय का ते बोट फिरवून बघायची. घुम्या हे सगळं लांबून पाहायचा. दोन वर्षांत तिने एकदाही त्याला रुसवीच्या पायाला हात लावायला सांगितलं नाही. त्यात राग नव्हता, आपलं काम आपण करायची तिची रीत होती. पण चाळीस वर्षं ज्याच्या दारात घोडे रांगेने उभे राहिले, त्या माणसाला ते जिव्हारी लागलं होतं.

आणि मग एका सकाळी तिने सांगितलं.

चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. वरच्या वस्तीवरून निरोप आला होता की एक बाळंतीण तापाने फणफणली आहे. मुलगी औषधांची पेटी भरत होती, फोनवर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी बोलत होती आणि तोंडात पोळी होती. तशातच ती म्हणाली, "बाबा, बूट चढवता का जरा? मला उशीर होतोय."

घुम्या शेडमध्ये गेला. रुसवीचा डावा पाय उचलून मांडीत घेतला तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की क्षणभर तो नुसताच पाय धरून उभा राहिला. मग त्याने बूट चढवला. चढेना. पाय घासून पाच आठवडे झाले होते, खूर वाढला होता, आणि चार दिवसांच्या ओलीने जरा पसरलाही होता. बूट अर्ध्यावर अडकला. उजव्याचंही तेच.

त्याने बाहेर जाऊन म्हणायला हवं होतं, "बसत नाहीत." दोन शब्दांचं काम. पण दोन वर्षांनी सांगितलेलं पहिलं काम, आणि त्यात जाऊन बसत नाही म्हणायचं? त्याने भिंतीवरची कानस काढली.

चाळीस वर्षं ज्याने लोकांना हेच करू नका म्हणून सांगितलं, त्याने बुटासाठी खूर घासला. ओलं नख फार मऊ असतं. कानस फिरली की साबणासारखं निघतं, आणि हाताचा कंप असा की एकदा थांबायचं ठरवलं तरी हात आणखी दोनदा फिरतो. डावा झाला, उजवा झाला. बूट चढवले. आता ते फारच सहज चढले. त्याने पट्टे आवळले, डावा बूट दोन्ही हातांनी धरून फिरवून पाहिला. तो बोटभर फिरला.

"बसले का?" दारातून मुलीने विचारलं. तिने पेटी खोगिराला बांधायला घेतली होती.

"बसले."

"फिरवून पाहिलेत?"

"पाहिले," घुम्या म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. पाहिलं होतं, आणि फिरला होता.

ती रिकिबीत पाय ठेवून वर बसली, "येते हं," म्हणाली आणि गेली. गावातल्या डांबरावरून रबराचा आवाज थोडा वेळ आला, मग पावसात मिसळला.

घुम्या घरात येऊन चहापुढे बसला. चहा निवला. बायको शेड झाडायला गेली होती. ती हातात सुपली घेऊनच परत आली. सुपलीत नखाचा ओला करडा कीस होता, चांगला मूठभर.

"अहो, हा एवढा कीस कसला? पोरीने काल पाय घासले?"

"मी घासले."

"तुम्ही? तिने सांगितलं तुम्हाला?"

घुम्याने चहाकडे पाहिलं.

"तिला ठाऊक तरी आहे का?" बायकोने विचारलं. पस्तीस वर्षांत ती या माणसाच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार ओळखायला शिकली होती, आणि हा प्रकार तिला अजिबात आवडला नाही. तिने सुपली खाली ठेवली आणि मुलीला फोन लावला. संपर्क होत नव्हता. खडीचा रस्ता संपला की फोन लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"तो ओढ्यावरचा भाग आहे ना," बायको म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

घुम्या उठला. चाकू, एक फडकं, दोरीचा तुकडा, एवढं पिशवीत टाकलं आणि निघाला. बायको छत्री घेऊन दारापर्यंत धावली तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता.

गावाबाहेर त्याला खडी वाहणारा ट्रक भेटला. ड्रायव्हरने दार उघडलं. "काका, भिजत कुठे?"

"वर."

"वर म्हणजे रस्ता संपतो तिथवर, का एकदम वर?" ड्रायव्हर हसत म्हणाला. घुम्या हसला नाही, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं, "काय झालं?"

"बूट सैल आहे."

ड्रायव्हरने त्याच्या पायांकडे पाहिलं. "चांगला तर आहे."

"घोडीचा. माझी मुलगी आहे तिच्यावर."

ड्रायव्हर पुन्हा हसणार होता, पण त्याने घुम्याचे हात पाहिले. ते गुडघ्यांवर ठेवलेले होते आणि थरथरत होते. त्याने गिअर टाकला आणि रस्ता संपेपर्यंत ट्रक असा हाणला की मागे खडी उडत होती.

पठारावर चिखलात रुसवीचे माग स्पष्ट होते. मागच्या पायांचे मोकळे गोल ठसे, पुढच्या पायांचे बाणांचे ठसे. घुम्या त्यांच्या शेजारून चालू लागला. सुरुवातीला बाण सरळ होते, वस्तीच्या दिशेने. त्याला थोडं बरं वाटलं. कदाचित उगाचच घाबरलो असू, चिखल मऊ आहे, पाणी जास्त आहे, ओढत नसेल, असं तो स्वतःला समजावत होता. मग शंभर पावलांवर डाव्या पायाचा बाण किंचित बाहेर झुकलेला दिसला. तो वाकून पाहायला लागला. पुढचा ठसा तेवढाच. त्याच्या पुढचा थोडा जास्त.

आयुष्यभर त्याने घोड्यांचे पाय वाचले होते. आता जे वाचत होता ते त्याला वाचायचं नव्हतं. डावा बूट पावलागणिक फिरत चालला होता. एका जागी ठसा लांब घसरलेला होता, शेजारी गुडघा टेकल्याचा खड्डा होता. घोडी तिथे अडखळली होती आणि सावरली होती. तिथून मुलीच्या बुटांचे ठसे सुरू होत होते. म्हणजे ती उतरली होती, लगाम धरून पुढे चालत होती. आणखी वीस पावलांवर उजव्या पायाचा बाणही झुकायला लागला.

तो पळायला लागला. साठी उलटलेला माणूस चिकणमातीत पळतो म्हणजे काय करतो, तर दोन पावलं पुढे आणि एक हात जमिनीवर. तो दोनदा पडला. पिशवीतलं फडकं गेलं. पठार संपलं, वाट ओढ्याच्या काठाने चढू लागली. डावीकडे खाली ओढा दोन पुरुष खोल, तांबड्या पाण्याने भरलेला. उजवीकडे उभी दरड. वाट इतकीच की एक घोडी जाईल आणि तिच्या बाहेरच्या बाजूला हातभर जागा उरेल.

वळणावर ती दोघं दिसली. रुसवी थांबली होती. मान वर, कान मागे. मुलगी तिच्या पुढे, तोंड घोडीकडे, पाठ चढाकडे, दोन्ही हातांनी लगाम धरून ओढत होती.

"अगं चल ना बाई. आज नको रुसूस. आज नको."

घोडी पाय अर्धवट उचलायची आणि परत ठेवायची. चिखल इतका होता की बूट दिसतच नव्हते. मुलीला वाटत होतं, ती हट्टाला पेटली आहे.

"ओढू नकोस," घुम्या ओरडला.

मुलीने दचकून वर पाहिलं. बापाला ओरडताना तिने कधी ऐकलं नव्हतं. त्या आवाजाने घोडीही दचकली, मागचा एक पाय काठाकडे सरकला आणि मातीचं एक ढेकूळ खाली ओढ्यात गेलं.

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

"ओढू नकोस. सैल सोड. तिथेच उभी राहा."

घोडीच्या मागून पुढे जायचं तर बाहेरच्या बाजूनेच जावं लागणार होतं. घुम्याने तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, मग पाठीवर, मग खांद्यावर. पायाखालची माती दबत होती. तो खांद्यापाशी पोचला आणि गुडघ्यांवर बसला. चिखलात हात घालून चाचपलं. डावा बूट निम्मा फिरला होता. त्याचं नाक काठाबाहेर निघालं होतं आणि पट्टा टाचेवरच्या कातडीत रुतला होता. घोडीने पाऊल टाकलं असतं तर ते बुटावर पडलं असतं आणि बूट हवेवर. ती हट्टाला पेटली नव्हती. तिला कळलं होतं, म्हणून ती थांबली होती.

बकल चिखलाने भरलेलं, बोटं थरथरत. बकल सुटेना. त्याने चाकूने पट्टा कापला आणि बूट ओढून काढला. रुसवीने पाय खाली ठेवला, मोकळा, आणि खुराची कड मातीत रुतली. तिने श्वास सोडला.

"बरं झालं आलात," मुलगी म्हणाली. तिचाही श्वास सुटला होता. "चिखलाने ओढला असणार. एवढा चिखल असला की होतं असं कधीकधी. उजवा बरोबर असणार. मी हळूहळू नेते पुढे, तुम्ही मागे व्हा."

पुन्हा सगळं चिखलावरच गेलं होतं. घुम्याला काही करावं लागत नव्हतं. गप्प राहिलं की झालं, जसं डॉक्टरच्या वेळी झालं होतं. पण उजवा बूट दरडीच्या बाजूला होता, चिखलात बुडालेला, आणि तोही फिरायला लागला होता हे दोघांपैकी एकट्या घुम्यालाच माहीत होतं. पुढे वाट आणखी अरुंद होत होती, आणि लगाम धरून घोडीच्या पुढे चालणार होती ती त्याची मुलगी.

"चिखल नाही," घुम्या म्हणाला. "मी केलं."

"काय?"

"बूट चढत नव्हते. मी खूर घासले. दोन्ही. जास्त घासले गेले. उजवाही फिरलाय. काढायला हवा."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली.

"फिरवून पाहिले म्हणालात."

"पाहिलं. फिरला होता."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने पाहिलं. मान खाली घालावीशी वाटली, पण घातली नाही.

"मला उजव्याला हात पोचत नाही," शेवटी ती म्हणाली. आवाज दवाखान्यातला होता, कोरडा. "मी लगाम सोडू शकत नाही. तुम्हालाच काढावा लागेल."

"पोटाखालून येतो. ती उजवा उचलेल तेव्हा सगळं वजन डाव्यावर येईल. डावा काठावर आहे. तिचं डोकं दरडीकडे धर."

"धरलं."

"आणखी. तिचा खांदा मला दगडाला लागलेला हवा."

"लागला."

"आता मी खाली शिरतोय. तिने पाय झाडला तर मला सांग."

पोटाखाली चिखलात पालथा पडून तो बोलत होता. पट्टा सापडला. बकल सापडलं. हे सुटतंय. सुटलं. आता नाक फिरवतो. आता ती पाय उचलेल. जे जे हाताला लागत होतं ते ते तो सांगत होता, कारण वर उभ्या असलेल्या तिला ते दिसत नव्हतं आणि तिला कळायलाच हवं होतं. घोडीने उजवा पाय उचलला. डाव्या पायाखाली काठाची माती फुटली आणि ओढ्यात गेली. रुसवीचा मोकळा खूर एक वीत घसरला, कड रुतली आणि थांबला.

"थांबली," वरून मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

"निघाला," खालून घुम्या म्हणाला. बूट त्याच्या हातात होता.

तिथून रुसवी अनवाणी चढून गेली. एकही पाऊल चुकलं नाही. वस्तीजवळ खडी सुरू होते तिथे मुलीने पेटी खांद्याला लावली, घोडीचा लगाम बापाच्या हातात दिला आणि उरलेली वाट चालत गेली.

दोन तास घुम्या झाडाखाली घोडीजवळ उभा होता. पट्ट्याने टाचेवर सालपट निघालं होतं, त्यावर तो पाणी सोडत होता. त्या दोन तासांत त्याने मनातल्या मनात एक वाक्य शंभर वेळा म्हणून पाहिलं. मुलगी परत आली तेव्हा तिचा चेहरा थोडा मोकळा होता. "ताप उतरायला लागलाय," ती म्हणाली. "घाबरण्यासारखं नाही आता."

"दोन वर्षांपूर्वीचा तो खिळा," घुम्या म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं. ठोकताना. आवाज बसला होता."

ती पेटी बांधत होती. तिचे हात थांबले.

"आठ महिने," ती म्हणाली.

"हो."

"रोज बादली भरून द्यायचात."

"हो."

तिने पेटी बांधली, लगाम घेतला आणि चालायला लागली. घुम्या मागून, हातात दोन बूट. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की न बोलणाऱ्या माणसाबरोबर चालायचं म्हणजे काय असतं. वाट संपता संपेना.

घरात पाच दिवस असेच गेले. बायकोने काय ते एकदा विचारलं, तिला कुणीच सांगितलं नाही, आणि तिने दोघांच्या पुढ्यात ताटं जरा जोरात आदळली. मुलगी दवाखान्यात जायची, यायची, रुसवीच्या टाचेला मलम लावायची. घुम्या शेडकडे फिरकला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तिने दारातून हाक मारली. "बाबा, इकडे या."

रुसवी शेडमध्ये उभी होती. मुलीच्या हातात कानस होती. ती तिने त्याच्यापुढे धरली.

"मागचे पाय करायचेत, आणि पुढच्यांची कड सारखी करायचीय. तुम्ही करा."

"मी?"

"तुमच्याइतकं पायातलं मला कळत नाही. पण माझ्यासमोर करायचं. आणि बोलत करायचं. हात काय करतोय, खूर कसा आहे, तुम्हाला काय वाटतंय, सगळं मोठ्याने. एकही गोष्ट पोटात ठेवायची नाही."

"सगळं?"

"सगळं."

त्याने पाय उचलला आणि मांडीत घेतला. ती उभी होती. शेवटी त्याने घसा साफ केला.

"मागचा डावा. टाच ओली आहे, पण घट्ट आहे. बाहेरची कड वाढलीय, आतली बरोबर आहे. बाहेरची घासतो." कानस फिरली. "एकदा. दोनदा. आता पुरे. पुढचा डावा घेतो. हा मी जास्त घासला होता, इथे, दोन्ही बाजूंना. इथे आता महिनाभर हात लावायचा नाही. तोवर बूट घालायचाच असेल तर आत खुराला चिकटपट्टीचे वेढे दे, तुझ्या पेटीतली चालेल. नुसता घालू नकोस."

तो थांबला.

"पुढे?" मुलगी म्हणाली.

"हात कापतोय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. त्या खिळ्याच्या आधीपासून. सकाळी जास्त. कुणाला बोललो नाही. तुझ्या आईलाही नाही."

मुलगी त्याच्याजवळ खाली बसली. दवाखान्यात धरतात तसं तिने त्याचं मनगट धरलं आणि थोडा वेळ धरूनच ठेवलं. राग गेला नव्हता. तो तिच्या तोंडावर दिसत होता आणि अजून बरेच दिवस दिसणार होता. पण मनगट तिने सोडलं नाही.

"उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवू," ती म्हणाली. "आता कानस दोघं मिळून धरू. तुम्ही बोलत राहा."

घुम्या बोलत राहिला. खूर, कड, टाच, पाऊस, त्या दिवशीचे बाकड्यावरचे दोघं, हातोडीचा आवाज. रुसवी तीन पायांवर वजन टाकून डुलक्या काढत होती. शेडमधून कुणा पुरुषाचा आवाज येतोय आणि तो थांबायचं नाव घेत नाही, म्हणून हात पुसत घरातून बायको बाहेर आली, एवढ्या सकाळी कोण पाहुणा आलाय ते बघायला.